लिंबूटिंबू

लिएपायात वारा असतोच, त्याचं कौतुक नाही.
पण दोरखंडाच्या ह्या जुन्या कारखान्याला दारं चार
आणि एकही नीट बसत नाही,
त्यामुळे वेल्गाच्या टेबलावरचा टेबलक्लॉथ
कडेकडेने दिवसभर हलत राहतो.

टेबल म्हणजे, पाय साडेतीन मीटर.
भोवती सहा खुर्च्या, खुर्च्यांपुढे माणसांचे पाय,
नुसते पाय, गुडघ्यापर्यंत.
एका बाईच्या मोज्याचा धागा सुटलेला,
एका पुरुषाने बूट अर्धा काढून टाच मोकळी केलेली.
वरून आवाज येतात. काटे, चमचे, कुणाचं तरी खाकरणं,
बोलणं. पण शब्द नाहीत.
शब्द वेल्गाने मुद्दाम घासून काढलेत,
बुडाची काजळी काढावी तसे.
मोठी माणसं बोलतायत, एवढंच कळतं.

मी इथली राखणदार.
तेवीस वर्षं ह्याच इमारतीत दोर वळले,
आता स्टुलावर बसून सांगते, हात लावू नका.
खाली बसलात तर चालेल.

वाटलं होतं, पोरं येतील.
येतात ती बापई माणसं, बायका.
बंदरातल्या क्रेनवरचा मिएर्वाल्दिस, दर गुरुवारी, डबा घेऊन;
राईचा पाव आणि धुरावलेला मासा
बुटाच्या टोकाला पाठ टेकून खातो.
बँकेतली स्कैद्रिते फोन माझ्याकडे ठेवून आत जाते,
परत येते तेव्हा स्कर्टला धूळ असते
आणि ती झटकत नाही.
एकदा एक जण चक्क झोपला.
उठवायला गेले तर डोळे घट्ट मिटलेले,
पापण्या थरथरत होत्या.
ओळखते मी ते सोंग.
गाडीत झोपल्याचं करायचं,
म्हणजे कुणीतरी उचलून घरात नेतं.
पंच्याण्णव किलोचा माणूस. मी काय करणार?
दिवे पाच मिनिटं उशिरा घालवले.

खेळात एक लिंबूटिंबू असतं ना,
सगळ्यांबरोबर पळतं, पण बाद होत नाही,
त्याच्यावर राज्य येत नाही.
मिएर्वाल्दिसवर राज्य आलं आई गेली तेव्हा.
माझ्यावर, कारखान्याला कुलूप लागलं त्या सोमवारी.
तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून आकडे म्हणतोय.
शंभर झाले, हजार झाले,
लपलेलं कुणी सापडत नाही.

मार्चमध्ये वेल्गाचा भाचा आला, टोम्स, साडेपाच वर्षांचा.
दोन मिनिटं बसला खाली. कंटाळला.
त्याला ह्यात काय नवल, त्याचं हे रोजचंच.
म्हणाला, वर काय आहे?

सहा महिन्यांत हे कुणी विचारलं नव्हतं.

बंद झाल्यावर शिडी लावली.
तो पुढे, मी मागे, गुडघे कुरकुरत.
वर रंग न दिलेलं प्लायवूड.
पालथे घातलेले दोन स्पीकर.
सुताराचा विसरलेला एक हातमोजा, डावा.
ताट एकही नाही.
कडेवरून वाकून पाहिलं तर खुर्च्या रिकाम्या,
पाय गुडघ्याशी कापलेले, आत वर्तमानपत्रं कोंबलेली.
टोम्स बराच वेळ बघत राहिला.
मग बोलतंय कोण?

मला उत्तर आलं नाही.
उतरताना त्याने गळ्यात हात टाकले,
मी त्याला कडेवर घेतलं, शेवटच्या पायरीपर्यंत,
आणि मग, काही गरज नसताना,
फाटकापर्यंत.

गुरुवारी पाव मोडता मोडता
मिएर्वाल्दिसने पहिल्यांदाच वर मान केली.
शिडी लावली होतीत म्हणे. काय आहे वर?

टेबलक्लॉथची कड वाऱ्याने उचलली, पडली.
म्हटलं, जेवतायत अजून.
तू बस.